ग्रहावर उतरायची रीत

माझ्या धाकट्या दिरांनी जेवढे ग्रह जिंकले तेवढे आजवर कुणी जिंकले नसतील. काही ग्रह सकाळच्या चहाआधीच पडायचे, काही आमटी गार होईपर्यंत टिकायचे. फरीदाबादच्या आमच्या लहानशा घरात बसून त्यांनी आभाळातली एक म्हणून जागा सोडली नाही. आणि शेवटी शेवटी ह्याच माणसाला स्वतःच्या खोलीचा उंबरा ओलांडता येईना. आत त्यांची बायको होती, आणि ती त्यांना आत येऊ देत नव्हती. ते कसं झालं आणि मग ते आत कसे गेले, तेवढंच सांगते. मी चार यत्ता शिकलेली बाई, ग्रहातलं मला काही कळत नाही. पण ऐकून ऐकून बरंच पाठ होतं माणसाला.

भावजी मानेसरला गाड्यांचे भाग बनवायच्या कारखान्यात फोरमन होते. कंपनीची बस यायची, तिच्यात बसून जायचे आणि बसनंच यायचे. रस्ता लांबचा, म्हणून हातात पुस्तक. दिल्लीत दर्यागंजला रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरायचा, तिथून पिशवी भरून आणायचे. हिंदी, इंग्रजी, मिळेल ते, पण आत अंतराळातली लढाई पाहिजे. वाचून खूश व्हायचे म्हणाल तर नाही, चिडायचे. घरी आल्या आल्या बूटसुद्धा न काढता माझ्यापुढे पुस्तक धरायचे. "वहिनी, बघा हा लेखक! एवढी जहाजं घेतली आणि सरळ ग्रहाच्या तोंडावर चाललाय. सरळ! अरे, ग्रह काय झोपलाय?" मी म्हणायची, "छे हो भावजी, असं कसं जाईल." मला तव्यावरच्या पोळीची काळजी. मग ते ती लढाई नीट करून दाखवायचे. ताट म्हणजे ग्रह. लिंबू म्हणजे त्याचा चंद्र. थंडीत मटारचे दाणे आणि एरवी शेंगदाणे, ही जहाजं. आणि बोलता बोलता ती जहाजं एकेक करून तोंडात टाकायचे. त्यामुळे लढाईत आपली किती पडली आणि त्यांनी किती खाल्ली ते कधी कळायचं नाही. माझी जाऊ म्हणायची, "जिंकलात ना ग्रह? आता खाली जाऊन कोथिंबीर आणा. आणि ताई, मटार सोलायचे तर ह्यांच्यापासून लांब बसा हो, भाजीला काही उरत नाही."

त्यांची रीत ठरलेली होती. ग्रहाला पळता येत नाही, म्हणून आपण धावत जायचं नाही. ग्रह म्हणजे विहीर. तळाशी उभं राहून वर काही फेकायचं तर जीव काढावा लागतो, आणि काठावरच्यानं नुसता धोंडा सोडला तरी पुरे. पण आभाळात लपायला झाड नसतं. तापलेलं इंजिन फार लांबून दिसतं. म्हणून इंजिन बंद करायचं आणि तिथल्या दगडधोंड्यांत मिसळून दगडासारखं गार होऊन वाहत यायचं. सूर्य पाठीशी ठेवायचा, म्हणजे खालच्याचे डोळे दिपतात. हे एवढं पक्कं होतं डोक्यात की भाजीच्या गाडीवरसुद्धा ऊन पाठीशी घेऊन जायचे. भाजीवाला डोळ्यांवर हात धरून ओरडायचा, "अंकलजी, साइड में आओ ना, कुछ दिखता नहीं!" आणि एवढं करून भेंडी जून घेऊन यायचे. जाऊ पिशवी उघडून बघायची आणि म्हणायची, "आजची लढाई भाजीवाल्यानं मारली."

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आधी चंद्र घ्यायचा. ग्रहाला हात लावायच्या आधी त्याच्या चंद्राच्या आड जाऊन बसायचं. तिथून हाक येत नाही, तिथे हाक जात नाही. घरचे घाबरतात, पण घाबरायचं नाही. "वहिनी, मागून गेलेला पुढून निघतोच," असं म्हणून ते लिंबामागून मटारचा दाणा सरकवत पुढे आणायचे. मग उतरायचं, तेही एकदम नाही. उभं घुसलं तर हवेत जळून जातं. फार आडवं गेलं तर तळ्यावर भिरकावलेल्या खापरीसारखं टप टप करत बाहेर उडून जातं. मधला कोन धरायचा, फेरे घालायचे, वेग कमी करत करत टेकायचं. त्यांचं लग्नसुद्धा ह्याच रीतीनं जमलं म्हणे. मुलीच्या आत्याला आधी आपलंसं केलं. तिची औषधं आणून दे, तिच्या घड्याळाला किल्ली दे. जाऊ सांगायची, "आत्याला वाटायचं एवढा गुणी मुलगा, हिच्यासाठी कशाला वाया घालवायचा! चंद्र घेतला ह्यांनी, उतरले मात्र माझ्यावर." भावजी ऐकत बसायचे आणि लाजायचे.

एक गोष्ट मात्र त्यांना अजिबात चालायची नाही. दुसऱ्याचा झेंडा लावून उतरणं. मी तुमचाच आहे, मला आत घ्या, असं सांगून ग्रहावर पाय ठेवायचा. पुस्तकात कुणी असं केलं की पुस्तक मिटून टाकायचे. मी एकदा म्हटलं, "का हो? रक्त तर सांडत नाही त्यात." तर केवढे रागावले! "वहिनी, ती चोरी झाली. मी कोण आहे ते सांगून उतरायचं. नाही घेतलं तर फेरे घालीत राहायचं जन्मभर. पण खोट्या नावानं नाही." 

तुम्ही म्हणाल, बाई दिरांच्या घरात कशी. माझे मालक दिल्लीत कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या जुन्या पाहुणेघरात स्वयंपाकी होते. मागच्या बाजूला राहायला खोली होती. ते एकाएकी गेले. बायका आल्या, माझं कुंकू पुसलं, बांगड्या काढल्या. मला रडायला सवड नव्हती, दोन लहान पोरी होत्या आणि खोली सोडायची होती. कुठे जायचं ह्याचा विचार करायच्या आत भावजी दारात. "वहिनी, सामान बांधा." एवढंच बोलले. टेम्पोत पुढे मी, मागे पोरी आणि पिंप. मनात भीती होती ती जावेची. नवरा म्हणेल हो, पण घर बाईचं असतं. ती दारात उभीच होती. मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, फळी दाखवली. "ताई, वरची फळी तुमची, खालची माझी. मीठ मात्र एकच ठेवायचं." त्यानंतर एवढी वर्षं गेली, ह्या बाईनं मला एका शब्दानं कधी जाणवू दिलं नाही. त्यांना मूलबाळ झालं नाही. माझ्या पोरींनाच वाढवलं, लग्नं करून दिली, आणि पाठवणीला माझ्यापेक्षा तीच जास्त रडली.

तिचं विसरणं मिठापासूनच सुरू झालं. दोनदा घालायची, नाहीतर घालायचीच नाही. मग वार विसरली. मग पोरींची नावं विसरली. मला तेवढी ओळखायची, का ते देव जाणे. आणि एक दिवस भावजी न्हाणीतून अंग पुसत बाहेर आले, तर ही किंचाळली, "ताई, घरात परका माणूस शिरलाय!" भावजींनीसुद्धा मागे वळून बघितलं, कोण शिरलाय म्हणून. मागे कुणी नव्हतं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. मी बघत होते, म्हणून सांगते. त्यांनी टॉवेल खांद्यावर नीट घेतला आणि तिला म्हणाले, "माफ करा हं बाई," आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसले.

तिच्या डोक्यात एक पक्कं बसलं होतं की नवरा कंपनीत गेलाय आणि संध्याकाळच्या बसनं येणार. भावजी निवृत्त होऊन किती तरी काळ लोटला होता. पण ही रोज संध्याकाळी केस विंचरून, कुंकू लावून खिडकीत बसायची. भावजींना वाटलं, मग आपण बसनंच आलो तर? जुना कंपनीचा शर्ट शोधून काढला, डबा हातात घेतला, खाली गेटपर्यंत गेले आणि वेळेवर जिना चढून वर आले. घंटी वाजवली. मी मुद्दाम तिलाच दार उघडायला लावलं. तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला हळूच म्हणाली, "ताई, हे कोण म्हातारे? ह्यांच्या कंपनीतले दिसतात. ह्यांना काही झालं तर नाही ना?" आणि रडायलाच लागली. भावजी दारातच म्हणाले, "नाही हो बाई, त्यांना काही झालं नाही. ओव्हरटाइम आहे, एवढाच निरोप द्यायचा होता." आणि उलटपावली जिना उतरून गेले. शर्ट त्यांनी परत घातला नाही.

डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका, जबरदस्ती करू नका. भावजींचा पलंग बाहेर आला. दार तिच्या खोलीचं, आत कपाट त्यांचं, पण कपडे मी काढून द्यायची. ती जेवायला बसली की ते स्वयंपाकघरात उभे राहून जेवायचे. ते दिसले की तिचा घास हातातच राहायचा ना. पुस्तकं वाचणं बंद झालं. ताटात ग्रह मांडणं बंद झालं. मला वाटलं हा माणूस आता खचला. तर एका सकाळी मी पोळ्या लाटतेय आणि हे पोळपाटावर लिंबू ठेवून म्हणतात, "वहिनी, मी मूर्खासारखा सरळ चाललो होतो. तुम्ही चंद्र व्हा."

"मी? मी काय करायचं?"

"काही नाही. चंद्र काही करत नाही. तुम्ही तिच्याजवळ बसता ना, तशाच बसा. मी तुमच्या आड बसणार."

आणि खरंच बसले. ती पलंगावर, मी खाली दाराशी भाजी निवडत, आणि माझ्या पाठीमागे उंबऱ्याच्या बाहेर भावजी. पाठ तिच्याकडे. बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. "इंजिन बंद," असं पुटपुटायचे. एकदा तेवढी गडबड केली. सवयीनं खिडकीच्या बाजूनं आले, ऊन पाठीशी घेऊन. तिला नुसता काळा आकार दिसला, घाबरून तिनं उशी फेकली. उशी बरोबर तोंडावर बसली. बाहेर येऊन मला म्हणाले, "ग्रहाच्या तोफा चांगल्या आहेत अजून." मला हसू आलं आणि त्यांनाही आलं. पुष्कळ दिवसांनी घरात कुणी हसलं.

रोज थोडे पुढे सरकायचे. उंबऱ्याच्या बाहेरून उंबऱ्यावर, उंबऱ्यावरून आत. दिवाळी जवळ आली तोपर्यंत ते माझ्या शेजारी बसून मटार सोलत होते आणि ती ओरडत नव्हती. एकदा तिनं विचारलंसुद्धा, "हे कोण बसलेत?" मी म्हटलं, "आपलेच आहेत." ती म्हणाली, "कामसू दिसतात. पण दाणे खातात हं, लक्ष ठेवा." भावजींच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांना वाटलं आता आलीच जमीन पायाखाली.

पाडव्याला त्यांनी अंघोळ करून नवा सदरा घातला. तिच्यासाठी साडी आणली होती, मोरपिशी. इतक्या वर्षांत पाडव्याचं ओवाळणं चुकलं नव्हतं. मी पाट मांडला, रांगोळी काढली, तबक तयार करून तिच्या हातात दिलं. भावजी पाटावर बसले, मांडीवर साडीची पिशवी. तिनं बघितलं आणि तबक खाली आपटलं. "ताई, तुम्हाला काही वाटतं का? माझा नवरा कंपनीत गेलाय आणि मी परक्या पुरुषाला पाडव्याला ओवाळू? तुम्ही मोठ्या ना ह्या घरातल्या?" सुपारी घरंगळत पलंगाखाली गेली. भावजी पाटावरून उठले. पाट उचलून भिंतीला लावला. "बरोबर बोलतेय ती, वहिनी," म्हणाले. "तिचं काही चुकलं नाही." त्या दिवशी बाहेर धूर इतका होता की समोरची इमारत दिसत नव्हती. ते गॅलरीत जाऊन बसले, खोकत. मी किती हाका मारल्या, आत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. माझा काही विचार नव्हता. मी आपली मटार घेऊन बसले, आणि भावजी आले आणि माझ्या मागे उंबऱ्याबाहेर बसले, पहिल्या दिवसासारखे. इतके दिवस सरकले होते ते सगळं परत मागे. तेवढ्यात ती उठली. तोंड उजळलं होतं. माझ्यावरून पलीकडे बघत म्हणाली, "दादा! अरे, कधी आलास? असा जमिनीवर काय बसलायस? पाटावर बस, ओवाळते."

तिचा दादा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. भावजींनी माझ्याकडे बघितलं.   आयुष्यभर ज्या एका गोष्टीला ते चोरी म्हणत आले ती समोर पाट मांडून उभी होती. मी खाली मान घालून शेंगा सोलत राहिले. मला वाटलं आता उठून गॅलरीत जातील.  ती म्हणाली, "येतोस ना रे?"

"आलो," ते म्हणाले.

उंबरा ओलांडून आत आले. डोक्याला टोपी नव्हती, रुमाल टाकला. तिनं टिळा लावला, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी फिरवली, निरांजनानं ओवाळलं. हात जरासुद्धा चुकला नाही. इतक्या जवळून तिनं त्यांच्या तोंडाकडे किती महिन्यांनी बघितलं असेल. भावजींना ओवाळणी घालायची आठवण झाली, तर हातात काही नाही. मग कपाट उघडून कालचीच साडीची पिशवी आणली. तिनं घडी उलगडली आणि गालाला लावली. "बघा ताई! माझ्या दादाला माझा रंग बरोबर कळतो. ह्यांना मेला कधी कळला नाही."

भावजी एवढे हसले, एवढे हसले की रुमाल डोक्यावरून काढून डोळ्यांना लावावा लागला.

त्या दिवसापासून ते दादा झाले. तिच्याजवळ बसायचे, घास भरवायचे, वेणी घालायलासुद्धा शिकले, वाकडी का होईना. आणि दिवसभर स्वतःच्या तक्रारी ऐकायचे. तिचा नवरा कसा ताटात ग्रह मांडतो, जून भेंडी आणतो, बसला उशीर झाला तर फोन करत नाही. "नवरा बरा आहे गं तुझा," ते मधेच म्हणायचे. "तू त्यांची बाजू घेऊ नकोस दादा!" ती फटकारायची. आणि मग थोड्या वेळानं हळूच, "तसे चांगलेच आहेत म्हणा. आले की सांगते, दादानं तुमची बाजू घेतली." भावजी स्वयंपाकघरात येऊन मला म्हणायचे, "वहिनी, माझ्याबद्दल काय काय ऐकावं लागतंय!" पण एकदा पाणी पिता पिता म्हणाले, "उतरलो खरा. पण झेंडा माझा नाही." मी म्हटलं, "भावजी, तिच्या शेजारी बसून जेवताय ना?" त्यांनी मान हलवली. त्यावर ते परत कधी बोलले नाहीत.

गेल्या थंडीत हवा फार खराब झाली. त्यांची छाती भरली, आणि ते गेले. घरी आणलं तेव्हा ती दादा दादा करून रडली. भाऊ गेल्यावर बहीण रडते तशी. मग दिवस झाले, आणि इथल्या मराठी मंडळातल्या म्हाताऱ्या बायका आल्या. माझ्याच वयाच्या, वाईट मनाच्या नव्हेत. एक जण हळूच म्हणाली, "हिचं कुंकू अजून तसंच आहे. पुसायला हवं. कुणी सांगितलं का हिला?" आणि पदराचं टोक ओलं करून तिच्याकडे जायला निघाली.

मी आडवी उभी राहिले. म्हटलं, "बाई, तिचा भाऊ गेलाय. भाऊ गेला म्हणून कुंकू पुसत नाहीत. तिचा नवरा कंपनीत आहे, बसनं येईल."  माझं कुंकू ह्याच रीतीनं पुसलं होतं, तेव्हा मला रीत माहीत नाही असं नाही. पण हा झेंडा त्यांनी तिच्यासाठी खांद्यावर घेतला होता, तो आता खाली उतरवायचा नव्हता मला. त्या बायका चहा पिऊन गेल्या.

आता रोज सकाळी मीच माझ्या बोटानं तिला कुंकू लावते. माझ्यासारखीनं लावू नये म्हणतात. लावते. संध्याकाळी ती मोरपिशी साडी नेसून खिडकीत बसते. परवा म्हणाली, "ताई, दादा बऱ्याच दिवसांत आला नाही."

मी म्हटलं, "चंद्राच्या मागे गेलेत."

ती माझ्याकडे वळली. "म्हणजे हाक पोचायची नाही," म्हणाली.

"नाही पोचायची."

"असू दे. मागून गेलेला पुढून निघतोच," ती म्हणाली, आणि परत खाली रस्त्याकडे बघायला लागली.

मी मटार सोलत बसले. आता सगळे दाणे भांड्यात पडतात. भाजी फार होते.